ठाण्याहून शहापूरला: बिऱ्हाड हलवल्यानंतरचे पहिले वर्ष

माझे पती ठाण्यात वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात काम करत होते. त्यांचा विभाग शहापूर तालुक्यात हलवण्याचा निर्णय जानेवारी 2024 मध्ये झाला, तेव्हा आमची मुलगी सहा वर्षांची होत आलेली होती आणि मुलगा जेमतेम चार महिन्यांचा होता. पतींनी रोज ठाण्याहून आसनगावला ये-जा करायची, की आम्ही सर्वांनीच तिकडे राहायला जायचे, यावर घरात महिनाभर चर्चा चालली. मी एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात काम करते. त्यांनी मला आठवड्यातून दोन दिवस ठाण्यात येण्याची आणि उरलेले काम घरून करण्याची मुभा दिल्यावर आमचा निर्णय झाला. गावाकडून ठाण्यात येऊन स्थिरावलेल्या कुटुंबांचे अनुभव आपल्याकडे घरोघरी ऐकायला मिळतात. परंतु ठाणे शहरातून आपल्याच जिल्ह्याच्या ग्रामीण भागात मुलाबाळांसह राहायला गेलेले आमच्या ओळखीत कोणीच नव्हते. त्यामुळे कोणते काम आधी करावे, कोणता कागद कुठे लागतो आणि मनाची तयारी कशाची ठेवावी, हे सांगणारेही कोणी भेटले नाही. ते सर्व मी येथे क्रमाने लिहून ठेवत आहे.

शहापूर हे तालुक्याचे ठिकाण मुंबई-नाशिक महामार्गालगत आहे. गावात नगरपंचायत, तहसील कार्यालय, एसटीचे आगार आणि उपजिल्हा रुग्णालय आहे. मात्र रेल्वे स्थानक गावात नाही. जवळचे स्थानक म्हणजे कसारा मार्गावरील आसनगाव, आणि तेथून शहापूरला शेअर रिक्षाने यावे लागते. घर शोधायला आम्ही मार्चअखेरीस सुरुवात केली आणि एप्रिलच्या उन्हात फिरून घरे पाहिली. ज्यांना या भागात यायचे आहे त्यांनी घर याच दिवसांत पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. दिवाळीच्या सुमारास सगळ्याच विहिरी आणि कूपनलिका भरलेल्या दिसतात. पाण्याची खरी स्थिती कळते ती एप्रिल-मेमध्ये. आम्ही घरमालकांना विचारण्याआधी शेजारच्या घरांतील बायकांना विचारत होतो की नळाला पाणी कधी येते, किती वेळ टिकते आणि मे महिन्यात टँकर मागवावा लागतो का. त्यांची उत्तरे स्पष्ट आणि खरी असत.

आम्हाला आवडलेले घर एका निवृत्त शिक्षकांचे होते. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे ओटा, मागे थोडी मोकळी जागा आणि अंगणात कूपनलिका होती. भाडे महिना 9,000 रुपये आणि अनामत 40,000 रुपये ठरली. ठाण्यात लोकमान्य नगरात एवढ्याच्या अर्ध्या जागेसाठी आम्ही 17,000 रुपये देत होतो. कराराची नोंदणी करू या असे म्हटल्यावर गुरुजी थोडे नाराज झाले. “अहो, आम्ही माणसे बघून घर देतो, कागद बघून नाही,” असे ते म्हणाले. त्यावर माझ्या पतींनी त्यांना शांतपणे समजावले, “गुरुजी, तुमच्यावर आमचा विश्वास आहेच, परंतु मुलांचे आधार, शिधापत्रिका, मतदार यादी, सगळीकडे हाच कागद लागणार आहे.” महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार असा करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे, हेही त्यांनी सांगितले. गुरुजींनी दोन दिवसांत होकार दिला. ही नोंदणी आता ऑनलाइन होते. अधिकृत सेवा पुरवणारा माणूस घरी येऊन दोन्ही बाजूंचे अंगठे आणि छायाचित्रे घेतो. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या व अनामतीवर धरलेल्या व्याजाच्या 0.25 टक्के असते आणि नोंदणी शुल्क वेगळे. सर्व मिळून, त्या माणसाच्या मेहनतान्यासह, आम्हाला सुमारे अडीच हजार रुपये खर्च आला. करारात पती आणि पत्नी या दोघांचीही नावे भाडेकरू म्हणून घालून घ्यावीत, ही सूचना आम्हाला त्याच माणसाने दिली. तिचे मोल नंतर प्रत्येक खिडकीवर कळले, कारण माझ्या नावाची कामे पतींना रजा न घ्यायला लावता मी एकटी करू शकले. भाडेकरूची माहिती पोलिसांकडेही ऑनलाइन नोंदवून त्याची पोच जपून ठेवली.

प्रत्यक्ष सामान हलवण्याआधी गॅसचे काम उरकले. एकाच शहरात पत्ता बदलला तर जोडणी नुसती वर्ग होते. परंतु दुसऱ्या गावी जाताना सिलिंडर आणि रेग्युलेटर जुन्या वितरकाकडे परत करून जोडणी बंद केल्याचा कागद घ्यावा लागतो आणि त्याच्या आधारे नव्या गावी जोडणी मिळते. जुन्या वितरकाकडून परत मिळते ती आपण पूर्वी भरलेली अनामत, आणि नव्या ठिकाणी भरायची असते ती चालू दराने. 2022 पासून घरगुती 14.2 किलोच्या सिलिंडरची अनामत 2,200 रुपये आणि रेग्युलेटरची 250 रुपये झाली आहे, म्हणजे दोन सिलिंडरांना 4,650 रुपये लागतात. आमचा तो कागद हाती यायला आठवडा गेला आणि मधल्या काळात विजेच्या शेगडीवर स्वयंपाक करावा लागला. घरात तान्हे मूल असेल तर अशी शेगडी आधीच घेऊन ठेवावी.

20 मे 2024 रोजी ठाण्यात लोकसभेचे मतदान केले आणि त्याच आठवड्यात टेम्पो भरला. हमालीसह 9,500 रुपये लागले. नव्या घरात गेल्यावर पहिला खर्च केला तो सर्व खिडक्यांना बारीक जाळ्या बसवण्याचा, सुमारे 6,000 रुपयांचा, आणि दुसरा इन्व्हर्टरचा, 24,000 रुपयांचा. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा ती परत कधी येईल याचा भरवसा नसतो आणि घरून काम करणाऱ्याला तर तिच्याशिवाय चालतच नाही. अनामत धरून स्थलांतराचा एकूण खर्च 90 हजार रुपयांच्या आत राहिला.

मुलीच्या शाळेचा प्रश्न आमच्या दृष्टीने सर्वांत नाजूक होता. ठाण्यात ती इंग्रजी माध्यमाच्या बालवर्गात जात होती. शहापूर परिसरातही खासगी इंग्रजी शाळा आहेत, त्यांच्या बस गावागावांतून फिरतात, आणि सासूबाईंचा आग्रह त्यांपैकीच एखादी निवडावी असा होता. आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा होती. एप्रिलमध्ये घर पाहायला आलो असताना तेथे पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी शाळापूर्व तयारीचा मेळावा भरलेला आम्ही पाहिला. मुलांना रंग ओळखायला, वस्तू मोजायला, दोरीवरून चालायला लावत होते आणि प्रत्येक आईला मुलाचे प्रगतीपत्रक समजावून सांगत होते. आमच्या मुलीलाही बाईंनी हात धरून त्यात घेतले. एका वर्गातील मुलांची संख्या, बाईंचे मुलांशी बोलणे आणि स्वच्छ पटांगण पाहून मी मनाने तेथेच निश्चय केला होता. सासूबाईंना मी एवढेच म्हटले, “आई, एक वर्ष बघू या. नाही पटले तर पुढच्या वर्षी बदलू.” त्यांनी मान्य केले, परंतु त्यांच्या आवाजातली काळजी मला जाणवत होती.

प्रवेशाला जन्मदाखला, आधार आणि छायाचित्रे एवढेच लागले. पहिलीसाठी शाळा सोडल्याचा दाखला लागत नाही. मोठ्या वर्गातल्या मुलांचा दाखला जुन्या शाळेकडून यायला उशीर झाला, तरी शिक्षण हक्क अधिनियम, 2009 नुसार त्या कारणावरून प्रवेश अडवता किंवा लांबवता येत नाही, हे पालकांनी लक्षात ठेवावे. 15 जून रोजी शाळा उघडली. पुस्तके मोफत मिळाली. त्याच वर्षापासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचा नियम राज्यात लागू झाल्यामुळे मुलीला पहाटे उठवण्याचा त्रास वाचला. शाळेत मिळणारी खिचडी ती खाईल का, अशी मला शंका होती. आठवड्याभरात ती घरी येऊन “आज मटकी होती” असे आनंदाने सांगू लागली. मराठी वाचनात मात्र ती मागे होती आणि जुलैभर तिचा चेहरा उतरलेला असे. बाईंनी तिला जोडीदार म्हणून शेजारच्या पाड्यावरून येणारी एक मुलगी दिली. त्या दोघी मिळून वाचू लागल्या आणि दिवाळीपर्यंत आमची मुलगी दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत चालू लागली.

मुलाच्या लसीकरणाने मला येथील आरोग्यव्यवस्था दाखवली. ठाण्यात त्याच्या लसी आम्ही खासगी डॉक्टरांकडे दिल्या होत्या, त्यामुळे त्याच्या फाईलमधील नावे आणि सरकारी तक्त्यातील नावे जुळत नव्हती. आशाताई स्वतःहून घरी आल्या. नव्या बिऱ्हाडात लहान मूल आहे हे त्यांना आमच्या घरमालकीणबाईंकडून कळले होते. त्यांनी अंगणवाडीतील लसीकरणाचा दिवस सांगितला. तेथे परिचारिकाताईंनी ती फाईल ओळीने वाचली, कोणती लस कशाच्या बदल्यात धरता येईल ते ठरवले आणि माता व बाल संरक्षण कार्डावर सर्व नोंदी पुन्हा लिहून दिल्या. नऊ महिने पूर्ण झाल्यावरची गोवर-रुबेलाची लस आणि जीवनसत्त्व ‘अ’ चा पहिला डोस त्याला तेथेच मिळाला. दर महिन्याला वजन, उंची, दंडाचा घेर हे सारे अंगणवाडीत नोंदले जाते. गाव बदलणाऱ्यांनी लसींची फाईल सामानात बांधू नये, हातातल्या पिशवीत ठेवावी. खासगी बालरोगतज्ज्ञांचे दवाखाने गावात आहेत. परंतु मोठ्या तपासण्यांसाठी कल्याण किंवा ठाणे गाठावे लागते आणि आजारी मुलाला घेऊन तेवढा प्रवास करायचा म्हटले की छातीत धडधडते. या भीतीवर मला उपाय सापडलेला नाही. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत असते, उपजिल्हा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात कुठून शिरायचे हे आधीच पाहून ठेवावे, आणि शेजाऱ्यांपैकी कोणाकडे रात्री चालवता येईल अशी गाडी आहे ते विचारून ठेवावे, एवढेच सांगता येईल.

सापांची भीतीही खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप ठाणे जिल्ह्यात आढळतात. घरमालकीणबाईंनी पहिल्याच आठवड्यात मला बसवून सांगितले: जमिनीवर झोपायचे नाही, मच्छरदाणी गादीखाली खोचायची, अंधारात विजेरीशिवाय ओट्यावरून उतरायचे नाही, सरपण भिंतीला लावून रचायचे नाही, आणि मुलांचे बूट झटकल्याशिवाय घालायचे नाहीत. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश झाला तरी वेदना फार होत नाहीत, म्हणून झोपलेल्या माणसाला ते कळतही नाही. दंशाची शंका आली तरी मांत्रिकाकडे किंवा घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट सरकारी रुग्णालयात जावे. तेथे प्रतिविष मोफत मिळते.

जूनअखेरीस आधारवरील पत्ते बदलले. नोंदणीकृत भाडेकरार जोडून आम्हा दोघांचे पत्ते ऑनलाइन बदलले गेले, प्रत्येकी 50 रुपये शुल्क होते. मुलांचे पत्ते कुटुंबप्रमुखाच्या आधारवरून बदलता येतात. मुलीला पाच वर्षे पूर्ण झाली असल्यामुळे तिचे बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद केंद्रावर करून घेतली. हे काम पाच ते सात वर्षांच्या दरम्यान मोफत होते.

शिधापत्रिकेला मात्र सर्वांत जास्त वेळ लागला. ठाणे शहर हे मुंबई-ठाणे शिधावाटप क्षेत्रात मोडते आणि शहापूर तालुक्यातील काम तहसीलदारांच्या पुरवठा शाखेकडे असते, म्हणजे जिल्हा एक असला तरी यंत्रणा दोन. ठाण्यातून नावे कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय येथे अर्ज घेतला जात नाही. आमची पत्रिका पांढरी, तिच्यावर धान्य मिळत नाही, त्यामुळे हा खटाटोप कशासाठी असा प्रश्न पतींना पडला होता. परंतु कुटुंबातील सर्वांची नावे एकत्र असलेला तो एकमेव कागद असल्यामुळे मी आग्रह धरला. जुलैत मी अर्ज घेऊन गेले तेव्हा लाडकी बहीण योजना नुकतीच जाहीर झालेली होती. उत्पन्नाच्या आणि अधिवासाच्या दाखल्यांसाठी तहसील कार्यालयाच्या आवारात दूरदूरच्या पाड्यांवरून आलेल्या बायकांची रांग दारापासून रस्त्यापर्यंत गेली होती. काही दिवसांतच सरकारने अटी सैल केल्या, पिवळ्या आणि केशरी पत्रिकेवर उत्पन्नाचा दाखला माफ झाला, आणि गर्दी ओसरली. त्या रांगेत मी कडेवर मूल घेऊन उभी असताना एका अनोळखी मावशींनी त्याला आपल्याकडे घेतले आणि माझा नंबर येईपर्यंत सांभाळले. पुरवठा शाखेतील लिपिकांनी नम्रपणे सांगितले की त्यांच्यापुढे सध्या तातडीची कामे आहेत, आपण महिन्याभराने यावे. नवी पत्रिका ऑक्टोबरमध्ये हाती आली. अर्जाच्या प्रत्येक पानाची प्रत आणि पोच जपून ठेवावी, कारण मधल्या काळात टेबलावरचा माणूस बदलतो.

पाऊस या भागात कोसळतो. 7 जुलै 2024 रोजी आटगाव आणि थानसीत यांच्या दरम्यान रुळांवर माती आली, वाशिंदजवळ झाड पडले आणि कल्याण-कसारा वाहतूक बंद झाली. त्या दिवशी रविवार असल्यामुळे आम्ही घरात होतो; परंतु मी ठाण्यात आणि मुले शहापुरात अशी वेळ आली तर काय, हा विचार मला रात्रभर छळत राहिला. तेव्हापासून मी पावसाचा इशारा असेल त्या दिवशी कार्यालयात जात नाही, आणि कार्यालयाने तेही समजून घेतले. या मार्गावर दुपारच्या वेळी एक लोकल चुकली की पुढची बराच वेळ मिळत नाही, म्हणून वेळापत्रक पाहूनच घर सोडावे लागते. महामार्गावरून एसटीने कल्याण किंवा ठाणे गाठता येते, आणि मार्च 2023 पासून महिलांना एसटीत निम्मे भाडे असल्यामुळे तो पर्याय परवडतो.

ऑगस्ट महिना मला फार जड गेला. पती कारखान्यात, मुलगी शाळेत, बाहेर सततची संततधार, कपडे वाळत नाहीत, मूल कडेवरून उतरत नाही आणि दिवसभर प्रौढ माणसाशी चार वाक्येही बोलणे नाही, अशी स्थिती होती. ठाण्यात माझ्या आईचे घर रिक्षाच्या अंतरावर होते. मला तेव्हा वारंवार रडू येत असे आणि ते मी पतींपासून लपवत नव्हते. हळूहळू अंगणवाडीच्या दिवशी भेटणाऱ्या बायकांशी ओळख वाढली. त्यांच्यातल्या एकीने मला आठवडे बाजारात बसणाऱ्या आदिवासी बायकांकडून कोणती भाजी कधी घ्यावी हे शिकवले. जूनमध्ये शेवळं निघतात, ती काकडाच्या फळांबरोबर शिजवावी लागतात, नाहीतर घसा खाजतो. नंतर फोडशी, कुर्डू, टाकळा, आणि श्रावणात कंटोळी. ज्या कामासाठी ती माझ्या ओट्यावर येऊन बसू लागली, ते मात्र भाजीचे नव्हते: तिच्या बचत गटाचे हिशेब जुळत नव्हते. मी ते लिहून दिले, मग दुसऱ्या गटाने विचारले, आणि सप्टेंबरपर्यंत माझ्या ओट्यावर दर पंधरवड्याला पाच-सहा जणी वह्या घेऊन जमू लागल्या. माझ्याकडे देण्यासारखे काही आहे हे कळल्यावर मला त्या गावात राहणे सोपे झाले.

मतदार यादीतील पत्ता बदलण्यासाठी अर्ज क्रमांक 8 भरावा लागतो, नव्या नोंदणीचा 6 नव्हे. आम्ही तो ऑगस्टमध्ये ऑनलाइन भरला, मतदान केंद्रस्तरीय अधिकारी घरी येऊन खात्री करून गेले आणि 20 नोव्हेंबर 2024 रोजी विधानसभेसाठी आम्ही दोघांनी शहापूर मतदारसंघात मतदान केले.

पाण्याबद्दल थोडे अधिक लिहायला हवे. भातसा, तानसा आणि मोडकसागर ही मुंबईला पाणी पुरवणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत. ठाणे शहरालाही भातसा नदीचे पाणी मिळते. याच तालुक्यातील पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर जातात आणि बायका हंडे घेऊन त्यांची वाट पाहतात. मुलीच्या वर्गातली मुले एप्रिलमध्ये उशिरा येऊ लागली तेव्हा त्याचे कारण बाईंनी मला सांगितले: सकाळी पाणी भरल्याशिवाय घरातून निघता येत नाही. आमच्या कूपनलिकेचे पाणीही एप्रिल 2025 मध्ये खाली गेले आणि सुमारे हजार रुपये देऊन टँकर मागवावा लागला. आम्हाला ते परवडले. भाजी धुतलेले पाणी झाडांना, कपड्यांचे पाणी मोरीला, ही शिस्त आता मुलांनाही लागली आहे. परंतु धरणांच्या कुशीत राहणाऱ्यांच्या वाट्याला ही तहान यावी, हे मला अजून मान्य होत नाही, आणि ठाण्यात गेले की मी हे भेटेल त्याला सांगते.

अकरा महिन्यांचा करार मार्च 2025 अखेर संपला. गुरुजींनी भाडे 500 रुपयांनी वाढवले आणि आम्ही या वेळी तीन वर्षांचा करार नोंदवला. सासूबाई एप्रिल महिन्यात राहायला आल्या, नातीला शाळेत सोडायला गेल्या आणि बाईंशी बराच वेळ बोलून परतल्या. शाळा बदलण्याचा विषय त्यांनी काढला नाही. त्या वर्षी पाऊस मे महिन्याच्या अखेरीसच आला, त्यामुळे जाळ्यांची आणि छपराची डागडुजी घाईने करावी लागली. मुलगी दुसरीत गेली आहे. बँकेची शाखा बदलण्याची गरज पडली नाही. पारपत्रावरील पत्ता आणि पतींच्या वाहन परवान्यावरील पत्ता ही दोन कामे मात्र शिल्लक आहेत. ती पावसाळा संपल्यावर हाती घेणार आहोत.